कुनाला किती मिळतं

शाळंत मी गेलतो, पन रंगवायला. अक्षरं मला दुकानांचे बोर्ड रंगवून आली. त्यामुळं 'येथे' आनि 'मिळेल' हे दोन शब्द मी झोपेतबी लिवतो, बाकीच्यांना जरा टाईम लागतो. आकडं मातर कवा आलंच न्हाईत. आकडं आलं असतं तर पुढचं काय झालं नसतं.

मी कोल्हापुरात घरं रंगवतो. आमाला फुटावर पैसे मिळत्यात. एक फूट लांब, एक फूट उंच एवढ्या भिंतीला लांबी, म्हंजे पुट्टी, भरायची, घासायची, प्रायमर मारायचा, वर दोन हात रंग मारायचा. दुसऱ्या हाताला मी जरा पानी जास्त घालतो, ते सोडा. ह्या सगळ्याचं मला फुटाला नऊ रुपये मिळायचे. घरात मी पंधरा सांगितलंतं.

तेबी उगच न्हाय सांगितलं. एका दिवाळीला माझा साडू घरी आलता. त्यो एमआयडीसीत सीएनसी मशीन चालवतो. चकली खाता खाता खिशातनं पगाराची चिठ्ठी काढली आनि म्हनला, "ओव्हरटाईम धरून अठ्ठावीस हजार पडत्यात, भाऊजी." दिवाळीला चकली खायला आलेला मानूस पगाराची चिठ्ठी घेऊन कशाला येतो? मला तवाच संशय आला. पन बायकोनं माझ्याकडं बघितलं आनि माझ्या तोंडातनं निघालं, "आमचाबी दर पंधरा झालाय आता." फुटाचं गनित साडूला काय ठावं? त्यो गप बसला. एक मिनिट बरं वाटलं.

त्या एका मिनिटानं माझं घर नासलं. दर सांगितला पंधराचा आनि घरात पैसे द्यायचो नऊचे. बायको राजारामपुरीत एका मेसमध्ये चपात्या लाटते. तिचा पगार ठरलेला, महिन्याला आठ हजार, आख्ख्या गल्लीला ठावं. तिला माझ्या पैशात काय तरी गळती हाय हे दोन महिन्यांत कळलं. मधले सहा रुपये कुठं जात्यात? ती माझे खिसे बघायची. शर्टाचा वास घ्यायची. माझ्या शर्टाला टर्पेंटाईन सोडून कसला वास येनार? पन तिचं म्हननं, टर्पेंटाईनखाली कसलाबी वास लपतो.

खरं सांगितलं असतं तर सुटलो असतो. पन पैसे लावून पत्ते खेळतो असं तिला वाटलं तरी चालंल, नऊवर काम करतो हे कळायला नगं, असा आमचा मोठेपना.

यंदा पोरगी धाव्वी पास झाली. आयटीआयचा फॉर्म भरायचा हुता, शनिवार शेवटचा दिस. फॉर्ममध्ये म्हनं कुठलं काम शिकायचं त्येची नंबरवार यादी द्यायची. सोमवारी जेवताना तिनं यादी वाचून दाखवली. "एक नंबर, पेंटर."

मी भाकरीचा तुकडा परत ताटात ठेवला. "पेंटर? का?"

"पंधरा रुपये फूट मिळतंय की, पप्पा. आनि तुमी हाय की शिकवायला."

मी तिच्या तोंडाकडं बघितलं, मग तिच्या आईच्या. आई भाकरी थापत हुती, पन थापायचा आवाज जरा हळू झालता. मला वाटलं, ह्या दोघींनी मिळून हे जाळं टाकलंय. मी म्हनावं, 'पेंटर नगं', की लगेच इचारायचं, 'का बरं?' म्हनून मी म्हनलं, "बघू. मी जरा चौकशी करतो, कशाला चांगला भाव हाय."

चौकशी करायला लांब जायला नगं हुतं. राजारामपुरीत तिसऱ्या मजल्यावर एका फ्लॅटचं काम चाललंतं. मालक बँकेतनं रिटायर झालेले साहेब. तिथं आमी चौघं हुतो. प्लंबर, वायरमन, फरशीवाला आनि मी. दुपारी फरशीच्या खोक्यांचे पुठ्ठे हातरून संगं जेवायचो. एकमेकांच्या डब्यातलं सगळं ठावं, कुनाच्या सासूला शुगर हाय तेबी ठावं. पन कुनाला किती मिळतं हे कुनालाच ठावं न्हाय.

त्येला कारन हाय. आमी चौघं चार मापानं मोजतो. मी फुटावर. फरशीवालाबी फुटावर, पन त्येचा फूट जमिनीवरचा. वायरमन पॉइंटवर, म्हंजे एक बटन, एक बल्ब, एक पंखा असं. आनि प्लंबर बाथरूमवर. आता एका बाथरूमचं किती पॉइंट हुत्यात हे कुठल्या पुस्तकात लिवलंय? मला तर वाटतं, कुनाला कुनाचं कळू नये म्हनूनच ही मापं काढल्यात.

मंगळवारी मी प्लंबरला धरलं. "मर्दा, एका बाथरूमला किती घेतोस?"

"बघून."

"बघून म्हंजे?"

"बाथरूम बघून. आनि मालक बघून."

"ह्या मालकाला बघून किती घेतलंस?"

"पोटापुरतं." असं म्हनून त्येनं डब्यातनं मटनाचा तुकडा काढला. मंगळवारी मटन! पोटापुरतं!

वायरमनला इचारलं तर त्यो म्हनला, "पेंटर, काय परवडत न्हाय बघ. मी तर ही लाईन सोडायच्या इचारात हाय." आनि खाली त्येची नवीन गाडी उभी, सीटवरचं प्लास्टिकबी काढलेलं न्हाय. मी त्येच्या मागं लागलो. काम करता करता त्येचे पॉइंट मोजायला लागलो. त्येनं भिंत फोडली की मी मनात एक धरायचो. सत्तावीसवर गेलो तवा मालकाचा फोन आला, ते सोडलं आनि परत एकपास्नं सुरू केलं. ह्या नादात मी एका खोलीला तीन हात मारले. रंग माझाच गेला, कारन मालकानं डबे मोजून दिलते.

फरशीवाला तर आनि येगळा. त्यो जास्त सांगायचा. "मला काय कमी हाय?" म्हनायचा. पन गुडघ्याला फडकं बांधून बसायचा आनि उठताना मी चढून रंगवतो त्या घोडीला धरायचा. मग मला कळलं, त्येच्या पोराचं लगीन बघायला लागल्यात. लगीन बघताना मानूस वर सांगतो, उसनं मागनारं पावनं घरात यायला लागलं की खाली सांगतो. मला दोन्हीकडचं कळत हुतं, कारन मी सोता दोन्हीकडं सांगून बसल्यालो.

बुधवारी मी हुशारी केली. म्हनलं, आपन आदी आपलं सांगावं, मग लाजंनं ते त्येंचं सांगतील. जेवताना सहज बोलल्यागत म्हनलं, "मला हितं फुटाला पंधरा मिळत्यात. तुमचं काय?"

फरशीवाल्यानं घास खाली ठेवला. "पंधरा? रंगाला?"

"मग? दोन हात मारतो की."

"पानी मारतोस," प्लंबर म्हनला. पन हसला न्हाय.

कुनीबी आपलं सांगितलं न्हाय. उलट तिघं मला बघायला लागले. रंगारी शेवटी येतो, त्यो यायच्या आदी मालकाचा खिसा पार रिकामा झालेला असतो, हे सगळ्यांना ठावं. तरी ह्येला पंधरा? दुपारनं मला हाक आली, "ओ शेठ!" चार वाजता चहा आला तवा चहावाल्याला तिघांनी माझ्याकडं बोट केलं. गुरुवारीबी. मी दोन्ही दिस चौघांचा चहा पाजला, वडापावसकट. नऊ रुपयावर काम करून पंधराचा चहा पाजायचा म्हंजे काय असतं ते मला इचारा.

शुक्रवारी सकाळी मालक आले. हातात घडी केलेला कागद, त्यावर सगळ्यांचे दर. फरशीवाला उठला, गुडघ्याचं फडकं सोडलं आनि सरळ म्हनला, "साहेब, रंगाला पंधरा देताय, मग आमाला पंचवीस कसं परवडायचं? आमी जमिनीला नाक लावून काम करतो."

साहेबांनी चष्मा खाली केला. "पंधरा? कोणाला पंधरा?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी घोडीवर हुतो. वर छत हुतं, न्हायतर आनि वर गेलो असतो.

साहेबांनी कागद उघडला. "अहो, पेंटरचा दर नऊ आहे. नऊ! आणि त्यातूनही दारं-खिडक्या वजा. त्यांनीच कबूल केलंय."

वायरमनच्या हातातली पकड खाली आली. नऊचं त्येंना एवढं काय वाटलं नसतं. पन दार-खिडकी वजा! भिंतीत दार असलं, खिडकी असली, तरी रंगारी आख्खी भिंत मोजून पैसे घेतो. कारन चौकटीच्या कडंनं ब्रश फिरवायला मोकळ्या भिंतीपेक्षा जास्त टाईम जातो. हे कोल्हापुरात काय, कुठंबी रंगाऱ्याला सांगायला लागत न्हाय. आनि मी ते सोडून दिलतं. का? तर साहेब म्हनलंते, "दुसरा पेंटर वजा करून देतो म्हणतोय." त्यो दुसरा पेंटर कोन हे मी इचारलंबी न्हाय. आता मला वाटतं, त्यो दुसरा पेंटर जन्मालाच आला नसनार.

"आरं लेका," फरशीवाला हळूच म्हनला, "दार-खिडकी वजा?" आनि ते त्येनं असं म्हनलं, जसं घरात कोन तरी गेलंय.

तेवढ्यात दारातनं आवाज आला. "पप्पा."

पोरगी उभी हुती. फॉर्मसाठी माझ्या मोबाईलवर ओटीपी येनार हुता आनि मी फोन उचलत नव्हतो, म्हनून ती चालत आलती. कवापास्नं उभी हुती, मला अजूनबी ठावं न्हाय. इचारायचा धीर झाला न्हाय.

ती आत आली, वायरमनसमोर उभी राहिली आनि म्हनली, "काका, पॉइंटला किती मिळतं तुमाला?"

मी चार दिस ज्येच्या मागं मागं फिरलो, त्यो वायरमन एका झटक्यात म्हनला, "एकशे ऐंशी."

"दिवसाला किती पॉइंट हुत्यात?"

"सात धर."

तिनं मोबाईलवर आकडं दाबले. "बाराशे साठ." मग प्लंबरकडं वळली. प्लंबर म्हनला, "बाथरूमचं सहा हजार, बाय. चार दिस जात्यात." पंधराशे. पोटापुरतं! मग फरशीवाला. पंचवीसनं ऐंशी फूट, दोन हजार. पन त्यातनं त्येच्या बिगाऱ्याला सातशे.

"आनि गुडघं," फरशीवाला म्हनला. पह्यल्यांदाच खरं बोलला.

मला राग आला. मला सांगत नव्हते आनि हिला कसं काय सांगत्यात? मला वाटलं, माझं नऊ कळल्यावर त्येंना आता काय लपवायचंच राहिलं न्हाय. आपलं माझ्यापेक्षा कमी निघंल ही भीतीच संपली. न्हायतर पोरगीनं सरळ इचारलं म्हनून सांगितलं असंल. मी सरळ कवाच इचारलं नव्हतं.

शेवटी ती माझ्याकडं वळली. "पप्पा, तुमचं दिवसाला किती फूट हुतंय?"

"सत्तर. दारं-खिडक्या गेल्या की साठ-एकसष्ट."

तिनं दाबलं. दाखवलं न्हाय. पन वायरमननं मागनं वाकून बघितलं आनि म्हनला, "साडेपाचशे. म्हंजे ह्या फरशीवाल्याचा सिमेंट कालवनारा बिगारी ह्येच्यापेक्षा दीडशे जास्त नेतो." मग साहेबांकडं वळून म्हनला, "साहेब, दार-खिडकी कुनी वजा करत न्हाय बघा. ते बरोबर न्हाय."

"बघू," साहेब म्हनले आनि कागदाची घडी घालून खाली गेले. त्या 'बघू'चं काय झालं ते सांगत न्हाय, तुमचा माझ्यावरचा उरलासुरला भरोसा जाईल.

सांजच्याला मी पोरगीला गाडीवर बसवून नेट कॅफेत घेऊन गेलो. सिग्नलला थांबलो तवा ती मागनं म्हनली, "आईला वाटतं, तुमी पत्ते खेळताय."

"ठावं हाय."

"मला तसं वाटत नव्हतं."

"मग तुला काय वाटत हुतं?"

ती म्हनली, "मला वाटत हुतं, मधले सहा रुपये तुमी माझ्यासाठी कुठं तरी साठवताय."

सिग्नल सुटला, मागचे हॉर्न मारायला लागले, तरी मी तिथंच. एक पोलीस आला. त्येला वाटलं, गाडी बंद पडलीय.

कॅफेतल्या मानसानं यादी भरून घेतली. पह्यला नंबर इलेक्ट्रिशियन, पेंटर यादीतनंच गेला. मग त्यो गर्दीत मोठ्यानं म्हनला, "पावनं, वार्षिक उत्पन्न किती?"

मी उत्पन्नाचा दाखला पुढं केला. त्यावर नव्वद हजार. त्यो दाखला काढताना मी खोटं सांगितलंतं. खरं जास्त हाय, पन सरकारला कशाला सांगायचं, असं. पोरगीनं दाखला बघितला, आनि साडेपाचशेला वर्साच्या कामाच्या दिसांनी गुनलं. पाऊस काढला, सनवार काढले, दोन कामांच्या मधले रिकामे दिस काढले. उत्तर आलं अठ्ठ्याऐंशी हजार.

आयुष्यात एकदाच सरकारला फसवलं असं मी समजत हुतो. तितंबी दोन हजार वाढवूनच सांगितलंतं.

"आईचं शहान्नव हुतंय," ती हळूच म्हनली.

"हे तिला सांगायला नगं."

"बरं," ती म्हनली. पोरीचा असला 'बरं' मी ओळखतो.

कॅफेवाला म्हनला, "फॉर्म सेव्ह केलाय. इचार करा आनि उद्या मोबाईलवरनं कन्फर्म दाबा. एकदा दाबलं की बदलता येत न्हाय."

घरी मी बायकोला सगळं सांगून टाकलं. पंधरा न्हाय, नऊ. दारं-खिडक्या वजा. पत्ते न्हाईत, काय न्हाय. मला वाटलं, सुटलो. तिनं माझ्याकडं लई येळ बघितलं आनि म्हनली, "आता हे सांगून आनि काय लपवायलाय तुमी?"

"आई, खरं हाय, मी मोजलंय," पोरगी म्हनली.

"तुला इलेक्ट्रिशियन कुनी सांगितलं?"

"पप्पांच्या कामावरच्या काकांनी."

"ह्यांच्या कामावरच्या? मग मी बघून येते."

शनिवारी दुपारी चपात्या लाटून बायको सरळ फ्लॅटवर आली, संगं पोरगी. तिघंही जेवत हुते, घास टाकून उभे राहिले. तिनं वायरमनला वरनं खालपतोर बघितलं.

"दादा, रोज मिळतं काम?"

"रोज न्हाय, वहिनी. महिन्यातनं वीस दिस."

"पावसाळ्यात?"

"पावसाळ्यात जास्त. लोकांच्या घरात करंट उतरतो तवा."

"पोरीच्या जातीला कोन घरात बोलवंल?"

वायरमननं हात पँटला पुसले. मला वाटलं, आता कच खाईल. "बायका घरात एकट्या असल्या की मला दारातच उभं करत्यात, वहिनी," त्यो म्हनला. "हिला आत घेतील. तिथं माझ्यापेक्षा हिचंच बरं."

बायकोनं बोटाच्या पेरावर काय तरी मोजलं. ती मोबाईल वापरत न्हाय, तिचं पेरावर लवकर हुतं. मग तिनं भिंतीतल्या बटनाच्या भोकाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"एवढं मिळतंय, तर मग ह्यांनी का न्हाय शिकलं हे काम?"

सगळे माझ्याकडं बघत हुते. खोटं सांगायला चार-पाच कारनं तयार हुती. एकबी तोंडात आलं न्हाय.

"मला शॉकची भीती वाटते," मी म्हनलं.

प्लंबरला ठसका लागला. फरशीवाल्यानं त्येच्या पाठीत बुक्की घातली आनि सोताच हसायला लागला. बायको हसली न्हाय. पोरगीकडं वळून म्हनली, "दाब."

रेंज यायला म्हनून पोरगी मोबाईल घेऊन ग्यालरीत गेली. मी घोडीवर चढलो आनि भिंतीकडं तोंड केलं, म्हंजे ते कुनाला दिसायला नगं.